सहा डावांनंतरचं उद्घाटन

शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ हे तीन शब्द एका दमात कानावर पडले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. साठी उलटली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, सून म्हणते आई, आता सोडून द्या. काय सोडून द्या? ज्यांनी वाटोळं केलं त्यांना तर आठवतसुद्धा नसेल, म्हणून मीही विसरायचं का? ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे तो तेरच्या शाळेच्या मैदानावरचा आहे आणि खरं तर तो माझा नाहीच. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, विमलताईचा आहे. पण ती काही लिहिणार नाही. तिला विचारलं तर म्हणते, "जाऊ दे गं नंदे, झालं ते झालं." तिचं झालं असेल. माझं झालेलं नाही.

तेरमध्ये आमची पिठाची गिरणी होती आणि घर गिरणीला चिकटून. सकाळपासून पट्ट्याची फटफट सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत, त्यामुळं आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं भांडण चाललंय. पुष्कळदा ते चाललेलंही असायचं. आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, भुवया कायम पांढऱ्या, पिठानं. पुढं ते खरोखर म्हातारे झाले तेव्हा आम्हाला काही फरकच जाणवला नाही. स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची तो आवाज गिरणीच्या आवाजातून वेगळा ऐकू यायचा. ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. म्याचच्या दिवशी मात्र धपाटे. पहाटेच तव्यावर टाकायची, फडक्यात गुंडाळायची, वर दह्याचं गाडगं. आजही कुठं धपाट्यांचा वास आला की माझा डावा तळहात आपोआप मिटतो. ताईचा चेंडू झेलायची ती सवय.

सॉफ्टबॉल आमच्याकडं आणला शाळेतल्या माने सरांनी. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना दोन बॅटी, चार ग्लोव्हज आणि तोंडावरची एक जाळी घेऊन आले. गावात कुणी हा खेळ पाहिलेला नव्हता. पण ताईचा हात आधीच तयार होता. तिनं लहानपणापासून ज्वारीतली पाखरं राखलेली. शेतातल्या उंच माचीवर उभं राहून गोफण फिरवायची ती अशी की खडा गेलेला दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. सरांनी तिला खालून हात फिरवून चेंडू टाकायला शिकवलं आणि पहिल्याच आठवड्यात तिचा चेंडू झेलायला कुणी उभं राहीना. मग मला उभं केलं. धाकटी बहीण, तक्रार कुणाकडं करणार? ती पिचर, मी कॅचर. गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी ती टाकायची, मी झेलायची, आणि आण्णा मध्येच पट्टा काढून गिरणी बंद करायचे. कारण काय, तर चेंडू ग्लोव्हजमध्ये कसा वाजतोय ते त्यांना ऐकायचं असायचं. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन खोळंबायच्या.

"आवं आण्णा, पीठ द्या की! सैपाक कवा करायचा?"

"थांबा वो जरा. लेक बघा, लेक. पीठ काय, रोजचंच हाय."

ह्या खेळात सात डाव असतात. सातही डावांत समोरच्या पोरींपैकी एकीलाही पिचरच्या चेंडूवर धड फटका मारून बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या टप्प्यावर, पोचता आलं नाही, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मोठ्या देशांत म्हणे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. आमच्या गिरणीवर त्याला 'कोरी म्याच' म्हणायचे. हे नाव चांदभाईंनी पाडलं. चांदभाईंचं गिरणीसमोर पंक्चरचं दुकान होतं आणि ताईच्या खेळाचं त्यांच्याइतकं वेड आण्णांनाही नव्हतं. त्यांचा नियम असा की म्याच कोरी चालली असताना 'कोरी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. दृष्ट लागते. कुणी विचारलं काय चाललंय, तर "चाललंय" एवढंच सांगायचं. आणि जो जिथं बसलाय तिथंच बसायचं. एकदा भर उन्हात ते सायकलच्या कॅरिअरवर सबंध म्याच बसून राहिले, सावलीला चला म्हटलं तर हातानंच "चूप" केलं. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, त्या मैदानावर खेळाचा मान राखणारा तोच एक माणूस होता.

ताईचं ते शेवटचं वर्ष. शाळेच्या वयोगटातनं बाहेर पडल्यावर पुढं बायकांचा संघ वगैरे काही नव्हताच, आणि उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलेलं होतं, जळकोटला. स्थळ चांगलं होतं, तिलाही पसंत होतं. त्याचं रडगाणं मी गाणार नाही. पण तिनं एकदा रात्री जेवताना शांतपणे सांगितलं होतं, "आण्णा, मला एक कोरी म्याच पायजे. एकच. मग म्या बॅटीला हात लावणार न्हाय." आण्णांनी घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, "मिळंल." बस. त्या दिवसापासून आमच्या घराचं, गिरणीचं आणि चांदभाईंच्या दुकानाचं त्या हंगामात दुसरं काही काम उरलं नाही.

पहिली हुकली धाराशिवला. तेव्हा आम्ही उस्मानाबाद म्हणायचो. शेवटचा डाव, दोघी आउट झालेल्या, शेवटच्या पोरीनं डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू कडेला लागून पहिल्या बेसच्या मागं असा पडला की जणू कुणी हातानं ठेवला. परतीच्या एसटीत ताई खिडकीशी बसून धपाटा खात होती आणि मीच मुसमुसत होते. दुसरी हुकली तुळजापुरात. पाचव्या डावात चेंडू सरळ आमच्या पोरीकडं गेला, मध्ये दगडावर आपटला आणि तिच्या खांद्यावरून उडाला. आता हा फटका धरायचा, की आमच्या पोरीची चूक? चूक धरली तर म्याच कोरी. पंचांनी फटका लिहिला. गिरणीवर आठवडाभर तेच. दळण राहिलं बाजूला, बायकासुद्धा डबा खाली ठेवून वाद घालायच्या. चांदभाई म्हणत होते, "पोरीनं हात वर केला असता तर झेलला असता. चूकच आहे. पंच बेअक्कल." शेवटी आण्णांनी पट्टा काढला. गिरणी थांबली की सगळे गप्प व्हायचे.

"फटकाच धरा," आण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या लेकीच्या माथी चूक मारून मला माझ्या लेकीची म्याच कोरी करायची न्हाय. मिळंल तर सोळा आणे मिळंल. बसला फटका तर बसला. त्यो बी तिचाच."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर आयुष्यभर ठेवलं आहे.

तिसरी आणि शेवटची म्याच तेरलाच होती, आमच्याच मैदानावर. गटाचा अंतिम सामना. शाळेनं मांडव घातला, खुर्च्या मागवल्या, सोफा मागवला. सोफा कुणासाठी? तर साहेबांसाठी. ह्या साहेबांचं, म्हणजे तालुक्याच्या पुढाऱ्यांचं, नाव मी लिहीत नाही; बिननावाचं राहायची त्यांनाही सवय होऊ दे. शाळेला कंपाऊंडची भिंत हवी होती आणि ती साहेब देणार होते, म्हणून उद्घाटनाला साहेब. वेळ सकाळची दिलेली. साहेब आले नाहीत. वाट पाहून पाहून पाहुण्या संघाच्या बाई कंटाळल्या, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. मग माने सरांनी हेडसरांच्या हातापाया पडून उद्घाटनाशिवाय म्याच सुरू केली. हेडसरांचा चेहरा असा झाला होता की जणू मंगलाष्टकं न म्हणता लग्न लावलं.

आणि ताईनं काय टाकलं त्या दिवशी! मी तिचे हजारो चेंडू झेलले असतील, पण तसे नाहीत. पोरी बॅट खाली आणेपर्यंत चेंडू माझ्याकडं आलेला असायचा. जाळीतून मला तिचा चेहरा दिसायचा, शांत, आई भाकरी थापताना असते तशी. तिसरा डाव गेला, चौथा गेला. मैदानाच्या कडेला बोलणं हळूहळू बंद झालं. पाचव्या डावानंतर मी पाणी प्यायला गेले तर चांदभाई सायकलच्या कॅरिअरवर बसलेले, हातातला चहा गार झालेला, पण पीत नव्हते. मी विचारलं, "काय चाचा?" तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाललंय." आण्णा लिंबाखाली उभे होते, गिरणी बंद ठेवून आलेले. सहावा डावही गेला. एकही फटका नाही. आम्ही तीन धावांनी पुढं होतो. राहिल्या होत्या फक्त तीन पोरी. तीन आउट केल्या की झालं.

तेवढ्यात जीप आली. गेटातून नाही, सरळ मैदानातून, धुरळा उडवत, बेसच्या पांढऱ्या रेघा पुसत. मागं आणखी दोन गाड्या. फटाके. हेडसर सोफ्याकडून असे पळाले की त्यांची चप्पल मागं राहिली. आणि लाउडस्पीकरवर आवाज आला, "सर्व खेळाडूंनी मांडवासमोर रांगेत उभं राहावं. उद्घाटनाचा कार्यक्रम होईल."

उद्घाटन! सहा डाव झाल्यावर! अरे, शेवटच्या पंगतीचे द्रोण उचलायला आल्यावर कुणी अक्षता वाटतं का? माने सर धावत गेले, हात जोडून म्हणाले, शेवटचा डाव आहे, दहा मिनिटांत संपेल, मग बक्षीस समारंभातच सगळं घेऊ. हेडसर म्हणाले, "साहेबांना पुढं दोन कार्यक्रम आहेत. भिंत तुम्ही बांधून देणार का?" आण्णाही गेले. ज्या माणसानं जन्मात कुणाला अडवलं नव्हतं तो साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, पोरीची म्याच लई नाजूक जागी आलीय. जरा थांबा." आणि साहेब काय म्हणाले? गोड हसून म्हणाले, "चालू द्या की, आम्ही कुठं अडवलंय? ही तुमचीच कन्या का? अरे, वडिलांचा पण सत्कार घ्या!" झालं. आण्णांच्या गळ्यात हार पडला. हार घातलेला माणूस काय भांडणार? पीठभरल्या भुवया, गळ्यात झेंडू, आणि तोंड उघडं. तो चेहरा मला अजून दिसतो आणि अजून हात शिवशिवतात.

भाषणं झाली. एकाचं नाही, चौघांची. ताईला शाल घातली, ती नेमकी उजव्या खांद्यावर. हातात नारळ दिला. घाम अंगावर वाळून गेला. मी बाजूनं तिचा दंड चोळत होते तर एका कार्यकर्त्यानं मला मागं ढकललं, फोटोत येतेय म्हणून. मला वाटलं संपलं. संपलं कुठलं! साहेब म्हणाले, आता बॅट द्या, एक चेंडू मारून उद्घाटन करू. मला पुन्हा जाळी घालून मागं बसवलं. ताई चेंडू घेऊन उभी राहिली. हेडसर तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, मला इकडं ऐकू आलं, "हळू टाक गं बाई, अगदी हळू." माझ्या मनात होतं, टाक ताई, तुझा नेहमीचा टाक, बॅटीसकट साहेब जीपमध्ये जाऊन पडू दे. पण तिनं आण्णांकडं बघितलं आणि हळू टाकला. साहेबांच्या बॅटीला लागला नाही. पुन्हा टाकायला लावला. पुन्हा नाही. फोटोवाला म्हणाला, अजून हळू. मग ती दोन पावलं पुढं आली आणि बाळाकडं फेकावा तसा चेंडू फेकला. पुन्हा, पुन्हा, फटका लागेपर्यंत. लागला तेव्हा टाळ्या पडल्या, फटाक्यांची माळ लागली. त्या दिवशी ताईच्या चेंडूवर पहिला फटका मारला तो साहेबांनी. आणि सगळ्यांत वर कळस म्हणजे माईकवाला गडी जोरात ओरडला, "आणि साहेब, विशेष म्हणजे आपल्या ह्या कन्येनं आज एकही फटका बसू दिलेला नाही! कोरी म्याच!"

चांदभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. बोलला बघ."

दृष्टबिष्ट मी मानत नाही. चांदभाई शेवटपर्यंत मानत होते, की त्या माईकनंच घात केला. मला माहीत आहे कशानं केला. डाव सुरू झाला आणि ताईनं हात फिरवला तेव्हा चेंडू सुटायच्या आधीच मला कळलं. हात गार पडला होता, आणि वर त्याला हळू टाकायची सवय लावली होती. समोरच्या पोरीनं, बिचारी चांगली खेळाडू, तिचा काय दोष, बॅट फिरवली आणि चेंडू ताईच्या डोक्यावरून गेला. स्वच्छ. चूक धरायला जागाच नव्हती. ताई वळून त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पुढच्या तिघींना एकेक करून आउट केलं, आणि शेवटच्या दोघींना तर बॅट फिरवायलाही मिळाली नाही. दहा-बारा चेंडूंत हात पुन्हा गरम झाला होता ना!

आम्ही जिंकलो. कप मिळाला. साहेब तोवर निघून गेले होते, पुढचे कार्यक्रम होते. आणि भेटेल त्याचं एकच वाक्य, "जिंकलात ना? मग तोंडं कशाला पाडताय?" हेडसर तर म्हणाले, साहेब खूश होऊन गेले. कुणाला समजावून सांगणार? ती म्याच दोन्ही संघांची होती, पण तो सातवा डाव फक्त ताईचा होता, आणि तो एका माणसाच्या फोटोसाठी तिच्या हातातनं काढून घेतला. कुणी वाईट हेतूनं नाही केलं म्हणतात. तेच तर मला जास्त झोंबतं. त्यांना वाटलं, आपण मान दिला.

घरी आलो तर आईनं कप बघितला, शाल बघितली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर तिचा जो पट्टा सुटला तो गिरणीच्या वर. "पोरीचा हात गार केला मुडद्यांनी! नारळ दिला व्हय? टाळक्यात घालायचा की त्याच नारळानं!" आण्णांनी गळ्यातला हार काढला, जणू आत्ताच लक्षात आला, आणि परसात शेळीपुढं टाकला. शेळीनं दोऱ्यासकट खाल्ला. शाल आईनं ज्वारीच्या कणगीवर झाकण म्हणून घातली आणि उंदरांनी कुरतडेपर्यंत ती तिथंच होती. ताईनं हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि ग्लोव्हज माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे." उन्हाळ्यात ती जळकोटला गेली. भिंत आमच्या शाळेला आजतागायत झालेली नाही.

पुढं मी क्रीडाशिक्षिका झाले, पोरी घडवल्या, निवृत्त झाले. आणि आता गेल्या हिवाळ्याची गोष्ट. धाराशिवला एका शाळेत मुलींच्या सॉफ्टबॉलच्या म्याची होत्या, उद्घाटक म्हणून मलाच बोलावलं. मी जाणार नव्हते, पण शिकवलेली पोरगी बोलवायला आली, तिचं मन मोडवलं नाही. रिक्षा रस्त्यात बंद पडली आणि मी उशिरा पोचले. मुलींनी शहाणपणा करून म्याच सुरू केलेली होती. मी फाटकातून आत शिरते न शिरते तोच एक संयोजक शिट्टी हातात धरून मैदानाकडं पळाला. "आल्या, आल्या! थांबवा रे! आधी उद्घाटन घेऊ!"

मी फळ्याकडं पाहिलं. सहावा डाव चालू होता आणि पिचर पोरीसमोर फटक्यांच्या रकान्यात शून्य.

मला नाही माहीत माझ्यात एवढा आवाज कुठून आला. गिरणीतलाच असणार. "खबरदार शिट्टी मारशील तर!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. तो बिचारा शाल हातावर घेऊन उभा. म्हणाला, "म्याडम, पण प्रोटोकॉल..." मी म्हटलं, "चुलीत घाल तुझा प्रोटोकॉल. ती पोरगी टाकतेय ते दिसत नाही का? एकानंही तोंडातून शब्द काढायचा नाही." खुर्ची आणली, बसले नाही. सोफा दाखवला, गेले नाही. जाळीच्या कुंपणाला धरून जिथं उभी होते तिथंच उभी राहिले, चांदभाईंसारखी. संयोजक मंडळी भडकली. आपापसात म्हणत होती, बाईंचं वय झालंय. होऊ दे.

सातवा डाव. पहिली आउट. दुसरी आउट. तिसरीनं बॅट फिरवली आणि चेंडू सरळ पोरीच्या डोक्यावरून गेला. स्वच्छ, मोकळा. पोरगी कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली, मग हसली, मान हलवली आणि पुढच्या चेंडूसाठी परत वळली. मी एकटीच टाळ्या वाजवत होते आणि डोळ्यांना धार लागली होती. शेजारी उभी असलेली कुणाची तरी आई म्हणाली, "अवो, फटका बसला की, टाळ्या कसल्या वाजवताय?"

तिथूनच ताईला फोन लावला. तिचे गुडघे गेलेत, फोन उचलायला वेळ लागतो. मी सगळं सांगितलं, हुंदके देत. मग तिनं विचारलं, "नंदे, कुणी थांबवली न्हवती ना म्याच?"

"न्हाय. म्या थांबवू दिली न्हाय."

"मग त्यो फटका बी तिचाच," ताई म्हणाली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला फोनवर तिचं रडणं ऐकू आलं.